उम्म हातिमच्या दोन नळ्या

त्या वर्षी मार्च ते जून या चार महिन्यांत बदरियाने अकरा वेळा मार खाल्ला. आकडा पक्का आहे, कारण अकरापैकी नऊ वेळा मी तिथेच होतो आणि त्यातल्या तीन वेळा मलाही पडला. मी अमाराच्या आरोग्य केंद्राची गाडी चालवतो. बदरिया त्याच केंद्रात प्रयोगशाळेत होती. साथ आली तशी आमच्या साहेबांनी काड्या आणि नळ्यांचा निळा डबा तिच्या हातात दिला, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः आतून कडी लावून बसले. "घरोघर जा, नाकातून नमुने घ्या," हा हुकूमही त्यांनी दाराच्या फटीतूनच सोडला.

नमुने घ्यायला पुरुष दोघे होते, पण आमच्याकडे परक्या पुरुषाने बाईच्या तोंडाजवळ हात नेला तर तो हात घेऊन परत जाता येत नाही. म्हणून बायकांसाठी एकटी बदरिया. पहिला मार वीटभट्टीच्या गल्लीत. एका म्हातारीने उकळत्या चहाची किटली तिच्या खांद्यावर उपडी केली. का, तर शेजारणीची तपासणी झाली आणि चार दिवसांनी तिला रोग निघाला. म्हणजे रोग काडीतूनच आला. दुसरा मार बाजारामागे, तिघा भावांनी मिळून. तिसऱ्यात माझ्या गाडीची पुढची काच गेली. पाचव्यात तिचं डावं मनगट मोडलं आणि ती तिसऱ्या दिवशी प्लास्टर घालून पुन्हा गाडीत येऊन बसली.

मी म्हटलं, "बाई, घरी बस. मनगट आहे ते, टायर नाही की बदलला आणि निघालो."

"काडी उजव्या हाताने धरतात, अबू मैसम," ती म्हणाली. "गाडी काढ."

अशीच होती ती पहिल्यापासून. जन्म दलदलीतला, बोरूच्या घरातला. ती सतरा वर्षांची असताना सरकारने वरून पाणी तोडलं. मासे तडफडून मेले, म्हशी चिखलात रुतून उन्हात फुगल्या, आणि बापाने उरलेलं घर ट्रकवर टाकून अमारा गाठलं. तिला शिकायचं होतं. चुलत्याने बोरूच्या काठीने पाठ फोडली, तशीच ती दुसऱ्या दिवशी वर्गात गेली आणि दोन वर्षं पाठ टेकून बसली नाही. लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, आणि चौथ्या वर्षी रस्त्यावरच्या बॉम्बने त्याचे इतके तुकडे केले की पुरायला एक जोडा आणि घड्याळ मिळालं. मूल नव्हतं. ती भावाकडे, चासिबकडे परतली. चासिबच्या चौदा म्हशी. सकाळी सायीची ताटं डोक्यावर घेऊन तो बाजारात जायचा आणि ती प्रयोगशाळेत. वीस वर्षं तिने अर्ध्या अमाराचं रक्त आणि मूत तपासलं. कुणाला काय झालंय हे तिला ठाऊक असायचं आणि त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. शेख असो की हमाल, तिच्यासमोर सगळे नजर खाली घालून बसायचे.

आणि या बाईला मिझहर भेटला.

मिझहर तेलाच्या कंपनीत रखवालदार. त्याच्या पाळीतल्या एकाला रोग निघाला आणि कंपनीने फर्मान काढलं, ज्याच्या घरची सगळी मोठी माणसं तपासली जातील आणि निर्धोक निघतील त्यालाच फाटकातून आत सोडू. मिझहरच्या घरी मोठी माणसं तीन: तो, त्याची आई आणि त्याची बायको. आधी तो पैसे घेऊन खासगी प्रयोगशाळेत गेला. माणशी सव्वा लाख दिनार. त्याने काही घासाघीस न करता पावणेचार लाख टेबलावर ठेवले. तिथल्या माणसाने ओळखपत्रं मागितली, बायकांचीसुद्धा. मिझहरने टेबल उलटं केलं, काच फोडली आणि पैसे उचलून बाहेर आला. पैसे द्यायला तो तयार होता. घरच्या बाईचं नाव परक्याच्या कागदावर द्यायला नव्हता.

मग त्याने आमच्या केंद्रात फोन लावला. आमची तपासणी फुकट. बदरियाची पद्धत अशी, की नावं फोनवरच विचारायची, चिठ्ठ्या केंद्रात लिहून नळ्यांवर डकवायच्या आणि दारात पुन्हा नाव विचारून नळी उघडायची. म्हणजे घोटाळा नको.

"माझं नाव मिझहर," तो म्हणाला. "बाकी दोघी. उम्म हातिम आणि उम्म हातिम."

"थट्टा करतोस का रे?" बदरिया म्हणाली.

थट्टा नव्हती. मिझहरचा थोरला भाऊ हातिम लढाईत गेला. त्याच्या नावाने आई उम्म हातिम, हातिमची आई. भावानंतर मिझहरला पहिला मुलगा झाला, त्याचं नाव त्याने हातिमच ठेवलं. म्हणजे बायकोही उम्म हातिम. घरात हाक मारली की दोघी ओ द्यायच्या. बदरियाने एका नळीवर मिझहरची चिठ्ठी लावली आणि दोन नळ्या कोऱ्या घेतल्या. दारात बघू, म्हणाली.

दारात मिझहर पिस्तूल कमरेला लावून उभा. त्यात विशेष काही नाही, मी पाणी भरायला जातानाही आमच्या गल्लीत चार पिस्तुलं दिसतात. बदरियाने आधी त्याचा नमुना घेतला. मग म्हणाली, "आता बायकांची नावं सांग, भावा. कागदावर जातील, बाजारात नाही."

"कागद बाजारातच जातो."

"बरं, मग वय सांग."

"वय कशाला? लग्न लावतेस?"

"तुझ्या आईचं लावीन की. स्थळ चांगलं आलं तर कळवते."

पडद्यामागून म्हातारी खळखळून हसली. मिझहरचे कान लाल झाले. त्याने बदरियाच्या हातातला पेन हिसकावला आणि स्वतःच्या खिशात खोचला. "आत काडी जाईल, पेन जाणार नाही. माझ्या बायकांची नावं तुझ्या डब्यात बसून गावभर फिरणार नाहीत."

"नावं नाही लिहीत. थोरली, धाकटी एवढंच लिहिते."

"काहीच लिहायचं नाही."

ती आत गेली. मी अंगणात मिझहरसमोर उभा. जून महिना, ऊन असं की डोक्यात घण पडत होते. आधी म्हातारीचा आवाज आला, शिंकली, पुन्हा हसली. मग धाकटीची पाळी आली. काडी आत गेली आणि ती किंचाळली. पहिल्यांदा सगळेच किंचाळतात. मिझहरने पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडल्या, एक आभाळात आणि एक माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, आणि पडदा फाडत आत शिरला. पुढच्या क्षणी त्याने बदरियाला केसांना धरून फरपटत बाहेर आणलं. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलेलं मी ऐकलं. मागून बंद डबा आला, त्यामागून शिव्या. मी डबा काखेत मारला, तिला उचलून गाडीत कोंबलं आणि गाडी सोडली.

आता जे लिहितो ते आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. रस्त्याने वळसा पडतो म्हणून मी गाडी सरळ शेतात घातली आणि कोरड्या पाटावरून उडवली. पाचावर धारण बसली होती माझी. गाडी आदळली, डबा उलटला आणि नळ्या सीटखाली घरंगळल्या. पूल ओलांडल्यावर मी थांबलो. बदरियाने कपाळाचं रक्त पुसलं, वाकून तिन्ही भरलेल्या नळ्या काढल्या. एकीवर मिझहर. दोन कोऱ्या.

त्या उलटसुलट फिरवून बघत ती म्हणाली, "परत जायला हवं."

"जा," मी म्हटलं. "उतर आणि चालत जा. मी येत नाही."

"नमुने टाकून द्यावे लागतील, अबू मैसम."

"मग टाक."

पण टाकणार कशा? अख्ख्या भागाला आठवड्याला चाळीस नळ्या मिळायच्या आणि त्या चाळीसही संपल्या होत्या. त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा म्हणजे जीव द्यायचा. तिने माझा पेन घेतला. "थोरलीची आधी ठेवली होती. उजवीकडे. सीटखाली उजव्या अंगाला होती ती थोरलीचीच ना?"

"हो," मी म्हटलं. "तीच."

मी काही बघितलं नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. मिझहरला काही नाही. धाकटी उम्म हातिम निर्धोक, थोरली पॉझिटिव्ह. पोलिसांच्या दोन गाड्या घेऊन आम्ही म्हातारीला न्यायला गेलो. ती तंदूरजवळ बसून भाकऱ्या लावत होती. हात पिठाचे, चेहरा लाल, आवाज खणखणीत.

"मला?" ती म्हणाली. "अगं, मला काय झालंय? हा भाकरीचा वास येतोय मला. हिलाच येत नाही, तीन दिवस झाले. काल भाकरी जळून कोळसा झाली तरी हिला पत्ता नाही."

धाकटी पडद्याआड मान खाली घालून उभी होती. पोलिसांनी ऐकलं नाही, मिझहरने ऐकलं नाही. बदरियाने ऐकलं. 

ती थेट साहेबांकडे गेली. दोघींची पुन्हा तपासणी करा म्हणाली. साहेब दाराआडून म्हणाले, "नळ्या कुठायत? आणि यादी वर गेली. आता दुसराच रिपोर्ट आला तर लोक आपल्याला जोड्याने मारतील."

"मारतातच आहेत," बदरिया म्हणाली. "तुम्हाला नाही, मला."

मग तिने स्वतःच्या पगारातले सव्वा लाख मोजले, दवाखान्यातल्या विलगीकरणाच्या खोलीत जाऊन म्हातारीचा नमुना घेतला आणि खासगी प्रयोगशाळेत दिला. तिथला माणूस तिच्याबरोबर शिकलेला, त्याने ओळखपत्राचा आग्रह धरला नाही. म्हातारीने विचारल्याबरोबर आपलं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "नीट लिही हं, पोरी." रिपोर्ट आला: रोग नाही. तो कागद घेऊन बदरिया पुन्हा साहेबांकडे. साहेबांनी हात झटकले. खासगी कागद चालत नाही. सरकारी दोन रिपोर्ट कोरे आल्याशिवाय कुणाला सोडता येत नाही.

खोलीत सहा खाटा. पाच जणी खोकत होत्या आणि मधल्या खाटेवर ही धडधाकट बाई सगळ्यांना पाणी पाजत होती. नवव्या दिवशी तिला ताप आला. तेराव्या दिवशी ती गेली.

त्या दुपारी मिझहर तीस माणसं घेऊन दवाखान्यावर आला. फाटक पाडलं. ड्युटीवरच्या डॉक्टरला त्यांनी सलाइनच्या लोखंडी दांड्याने बडवलं, त्याचा जबडा लटकायला लागला तरी थांबले नाहीत. एका नर्सला जिन्यावरून ढकललं. मला गाडीतून ओढून लाथांनी तुडवलं, दोन बरगड्या तिथेच मोडल्या. आईचं प्रेत त्यांना हवं होतं. ते मिळणार नव्हतं, साथीतली प्रेतं सरकारची माणसं नेऊन वाळवंटातल्या वेगळ्या दफनभूमीत पुरत होती. पोलिसांनी हवेत गोळीबार केला तेव्हा गर्दी मागे हटली. मिझहर हटला नाही. "ती चांगली होती," तो नुसता ओरडत होता. "इथे आणली तेव्हा चांगली होती!" आणि खरं तेच बोलत होता. माझ्या तोंडात रक्त होतं आणि मला त्याच्यावर रागही धरता येईना.

दुसऱ्या दिवशी चासिबच्या भिंतीवर मिझहरच्या कबिल्याने लाल रंगाने लिहिलेलं सापडलं, म्हणजे या घराकडे रक्ताचा हिशोब बाकी: कबिल्याला हवे. हे घर कुणी विकू नये, विकत घेऊ नये, भाड्याने घेऊ नये. तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन गाड्या आल्या आणि घरावर गोळ्यांचा पाऊस पाडून गेल्या. ही आमच्याकडची ताकीद. ताकीद दिली म्हणजे समोरच्याने माणसं पाठवून तह मागायचा, नाहीतर पुढची खेप ताकीद नसते. गोठ्यात तीन म्हशी मेल्या. एक संध्याकाळपर्यंत मरत होती, पोटातली आतडी ओढत गोल गोल फिरत होती. शेवटी चासिबने तिचा गळा कापला. त्याच्या स्वतःच्या उजव्या कानाची पाळी उडाली होती, रक्त मानेवरून ओघळत होतं, आणि तो म्हशीजवळ बसून पोरासारखा रडत होता.

पैगंबराच्या वंशातल्या एका वयस्क सय्यदने मध्ये पडून तीन दिवसांचा तह मिळवला. मिझहरच्या भावकीने मागणी ठेवली. बदरियाच्या भावाने सगळ्यांसमोर आमच्या जुन्या शहीदाची, अब्बासची, शपथ घ्यावी, की बहिणीच्या हातून नळ्यांत चूक झाली नाही. शपथ घेतली तर बाईचं मरण अल्लाची मर्जी समजू, एक दिनार मागणार नाही. नाही घेतली तर आठ कोटी दिनार आणि बदरियाने जिल्हा सोडायचा. अब्बासच्या नावाने खोटं बोललं तर घराचं वाटोळं होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. न्यायाधीशासमोर हवं तेवढं खोटं बोलतील, अब्बासच्या नावापुढे नाही.

चासिबची भावकी खूश झाली. शपथ घे आणि मोकळा हो. चूक वरच्या मोठ्या प्रयोगशाळेची म्हणून सांगू. निवाड्याच्या आदल्या दिवशी दुपारी चासिब स्वयंपाकघरात आला. मी बदरियाची चौकशी करायला आलो होतो, तिथेच भिंतीला टेकून बसलो होतो, बरगड्यांना पट्टा बांधलेला. चासिबच्या कानावर फडकं.

"एकच विचारतो," तो बहिणीला म्हणाला. "तू फक्त 'बरोबर लिहिलं' म्हण. मी शपथ घेतो."

"आणि बरोबर नसलं तर?"

"ते मला सांगू नकोस. मला ठाऊक नसेल तर अब्बास मला धरणार नाही."

"मला धरेल ना."

"बदरिया, चौदा म्हशी होत्या, अकरा राहिल्यात. आठ कोटी म्हणजे सगळ्या भावकीच्या घरातली भांडीसुद्धा जातील. लोक तुझ्या आणि माझ्या नावाने खडे फोडतील. एक शब्द बोल."

बदरियाने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. मग तिने ओढणीच्या गाठीतून खासगी प्रयोगशाळेचा तो घडी घातलेला कागद काढला आणि चासिबसमोर धरला. चासिबला वाचता येत नाही, पण त्याला कळलं. त्याने तिच्या थोबाडीत मारली, मग दुसरी, मग पातेलं उचलून भिंतीवर फेकलं. तिने हात वर केला नाही. "तो कागद तू मला दाखवला नाहीस," तो दाराकडे जाताना म्हणाला. "मी उद्या शपथ घेणार." बारावा मार तिने घरच्या माणसाचा खाल्ला.

निवाडा सय्यदच्या मुदीफमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या बैठकीत होता. बोरूच्या जाड कमानी, खाली चटया, दोन्ही बाजूंना मिळून दोनशे माणसं, मध्ये शेगडीवर पितळी कॉफीपात्रं. मारहाणीतला साक्षीदार म्हणून मीही शेगडीजवळ बसलेलो. चासिबच्या लोकांपुढे कॉफी आली, त्यांनी पेले खाली ठेवले. निवाडा होईपर्यंत पीत नाहीत. बायकांचा तिथे काही संबंध नसतो. मिझहर समोर बसला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

चासिब उभा राहिला. त्याने उजवा हात वर केला आणि तोंड उघडलं.

"चासिब, खाली बस," दारातून आवाज आला.

बदरिया उंबऱ्यावर उभी होती. काळी अबाया, हातात तो कागद. दोनशे माणसं एकदम ओरडायला लागली. कुणी म्हणालं, हाकला तिला. कुणी म्हणालं, भावाला लाज नाही. ती त्यांच्यावरून आवाज चढवून बोलली, "नळ्या गाडीत सांडल्या. कुठली कुणाची, मला कळलं नाही. मी अंदाजाने लिहिलं. रोग धाकटीला होता, थोरलीला नव्हता. चूक माझी. माझ्या भावाला खोटं बोलायला लावू नका."

गाडी कुणी उडवली, हे ती बोलली नाही. 'तीच' कोण म्हणालं, हेही नाही. मी चार हातांवर बसलो होतो. मला उठता आलं असतं. बरगड्या मोडलेल्या होत्या, पाय शाबूत होते. मी उठलो नाही आणि त्याची लाज मला जाता जात नाही.

मिझहरच्या चुलतभावाने शेगडीवरचं पितळी पात्र उचलून तिच्यावर फेकलं. ते कपाळावर लागलं. कॉफी आणि रक्त एकत्र तिच्या तोंडावरून खाली आलं. ती दाराच्या बोरूला धरून उभी राहिली, पडली नाही. दोन्हीकडची माणसं उठली, हात कमरेला गेले. सय्यदने पगडी काढून मध्ये जमिनीवर टाकली तेव्हा कुठे सगळे थांबले. सय्यदच्या पगडीवरून पाय टाकायची कुणाची हिंमत नव्हती.

मग भाव ठरला. आठ कोटी. त्यातले एक कोटी अल्लासाठी सोडले, एक कोटी अब्बाससाठी, पन्नास लाख सय्यदच्या पगडीसाठी. उरले साडेपाच कोटी. आणि सात दिवसांत बदरियाने अमारा सोडायचं. ती आता बसऱ्यात एका दवाखान्यात लोकांचं रक्त काढते. साडेपाच कोटी चासिबच्या भावकीने माणशी वाटून भरले, आणि चासिबच्या वाटणीत उरलेल्या सगळ्या म्हशी गेल्या.

पण तेव्हा अजून कागद व्हायचा होता. निवाड्याचा कागद लिहिणारा म्हातारा चष्मा पुसत पुढे सरकला. त्याने देणाऱ्याचं नाव लिहिलं, घेणाऱ्याचं लिहिलं, रक्कम लिहिली.

"मयताचं नाव?"

"उम्म हातिम," मिझहर म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली. "उम्म हातिम तुझी बायकोही आहे ना? ती जिवंत आहे. उद्या कुणी विचारेल, हे पैसे कुणाच्या रक्ताचे. असा कागद टिकत नाही, बाबा. नाव सांग."

मिझहर चटईकडे बघत राहिला. त्याचा चुलतभाऊ त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजला. दोनशे माणसं वाट बघत होती. 

"नशमिया," मिझहर म्हणाला.

"मोठ्याने बोल. मला कमी ऐकू येतं."

"नशमिया! नशमिया बिन्त सल्बूख!"

म्हाताऱ्याने लिहिलं. बोरूच्या कमानीखाली ते नाव शेवटच्या माणसापर्यंत पोचलं असेल. बदरियाने डोळ्यावरचं रक्त बाहीने पुसलं.

"एवढंच मागत होते मी, भावा," ती म्हणाली. "तेव्हा फुकट होतं."

मिझहरचा हात कमरेला गेला. चासिबची माणसं तिच्यापुढे उडी मारून उभी राहिली. पण पिस्तूल तिच्याकडे वळलं नाही. मिझहरने ते नळीकडून धरलं आणि दस्त्याने स्वतःच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. पुन्हा मारलं, दात तुटून चटईवर पडला. तो ओरडत नव्हता, रडत नव्हता, नुसता एकामागून एक मारत होता, आणि त्याच्या भावकीतलं कुणी जागचं हललं नाही. चौथ्या फटक्याला चासिब धावत गेला आणि त्याने दोन्ही हातांनी मिझहरचं मनगट घट्ट धरून ठेवलं.